वाढत्या वयात गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा : शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या मुलामुलींची उंची अजून वाढते आहे आणि गुडघ्याची वाटी एकदा किंवा पुन्हा पुन्हा सरकली आहे, त्यांच्या पालकांसाठी ही माहिती आहे. मोठ्या माणसांच्या गुडघ्याला ती जशीच्या तशी लावू नये. का, ते पुढे येईलच.

वाटी सरकते म्हणजे नेमकं काय होतं?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला समोरून पन्हळीसारखी खाच असते. गुडघा वाकतो तशी वाटी या पन्हळीतून वर-खाली घसरते. पाय सरळ असताना मात्र ती पन्हळीच्या वरच्या बाजूला जवळजवळ मोकळी असते. तिथे तिला बाहेरच्या बाजूला जाऊ न देण्याचं मुख्य काम एक पातळ पट्टा करतो. वाटीच्या आतल्या कडेपासून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला गेलेलं हे लिगामेंट, डॉक्टर त्याला एमपीएफएल म्हणतात. गुडघा साधारण ३० अंश वाकला की पन्हळीच्या भिंती वाटीला धरतात आणि लिगामेंटवरचा भार कमी होतो.

म्हणून वाटी निसटते ती बहुतेक वेळा गुडघा किंचित वाकलेला असताना. पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि अंग झटकन आत वळतं. कबड्डीत चढाई करून परत फिरताना, खो-खोत खांबाला वळसा घेताना, नाचताना गिरकी घेताना हे होतं. त्या झटक्यात लिगामेंट ताणलं किंवा फाटलं जातं.

वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूला जाते. तरी पालक हमखास सांगतात, ‘वाटी आत गेली होती.’ वाटी बाजूला झाली की मांडीच्या हाडाचं आतलं टोक त्वचेखाली उघडं पडतं आणि तो उंचवटाच वाटी वाटतो. त्या वेळी मोबाइलवर फोटो काढला असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा, फार उपयोगी पडतो.

त्या क्षणी काय करावं?

मुलाला टेकून बसवा. टाच हातात धरून पाय अगदी सावकाश सरळ करा. अनेकदा तेवढ्यानेच वाटी जागेवर येते. अडलं किंवा मूल ओरडलं तर थांबा. पाय आहे तसा उशांचा आधार देऊन रुग्णालयात न्या. कुणालाही ओढाताण करू देऊ नका आणि मालीश तर अजिबात नको. वाटी जागेवर आली तरी एक्स-रे हवाच.

गुडघा काही तासांतच टम्म सुजला तर आत रक्त साठलं आहे असं समजावं. ते सुईने काढलं आणि त्यावर चरबीचे थेंब तरंगताना दिसले, तर हाडाला इजा झाल्याची ती खूण असते.

पहिल्यांदाच सरकली आहे. लगेच ऑपरेशन करावं लागेल का?

बहुतेकांना नाही. काही दिवस ब्रेस, सूज उतरली की लगेच व्यायाम, एवढ्यावर पुष्कळ मुलं निभावून नेतात. सहा-सहा आठवडे प्लास्टरमध्ये पाय ठेवण्याने वाटीचं भलं होत नाही. मांडीचा पुढचा स्नायू मात्र वाळतो.

एक अपवाद ठळक आहे. वाटी बाहेर जाताना किंवा परत येताना कडेवर आपटते आणि कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत, लवचीक थराचा), कधी हाडासकट, तुकडा उडतो. मुलांमध्ये हा तुकडा बऱ्याचदा निव्वळ कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून एक्स-रे ‘नॉर्मल’ असूनही गुडघा फार सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, तर एमआरआय टाळू नये. मोठा तुकडा परत जागेवर बसवता येतो. विरघळणाऱ्या पिना किंवा बारीक स्क्रू वापरून तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसवला तर चिकटण्याची शक्यता चांगली. उशीर झाला की तुकड्याच्या कडा सुजतात, गोल होतात आणि तो आपल्या जागेत बसेनासा होतो.

पुन्हा सरकण्याचा धोका कोणाला जास्त?

पन्हळ उथळ किंवा सपाट असेल, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असेल, दुसऱ्या गुडघ्याचीही वाटी सरकलेली असेल, गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील, मांडीचं हाड आतल्या बाजूला पिळलेलं असेल, सांधे फार लवचीक असतील, किंवा जवळच्या नात्यात कुणाला हाच त्रास असेल तर. वय लहान असणं, म्हणजे हाडांची वाढ अजून चालू असणं, हाही स्वतंत्र धोका आहे. यातली एक गोष्ट असेल तर व्यायामावर भिस्त ठेवायला हरकत नाही. तीन-चार एकत्र असतील तर वाटी पुन्हा निसटण्याची शक्यता न निसटण्यापेक्षा जास्त असते, आणि मग शस्त्रक्रियेचा विचार दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रसंगाची वाट न पाहता सुरू होतो.

डॉक्टर काय काय तपासतात?

आधी हाताने. पाय सरळ ठेवून वाटी हळूच बाहेरच्या बाजूला ढकलली की मूल दचकून हात पकडतं किंवा मांडी आवळतं. ही दचक हीच तपासणी आहे. मग मुलाला टेबलाच्या कडेला बसवून पाय सावकाश सरळ करायला सांगतात आणि समोरून वाटीचा प्रवास पाहतात. शेवटच्या काही अंशांत ती एकदम बाहेर उडी मारत असेल तर पन्हळ उथळ असण्याचा किंवा बाहेरची ओढ जास्त असण्याचा संशय येतो. पालथं झोपवून मांडीची आणि नडगीची पिळ मोजतात. अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का, हेही बघतात. सांध्यांची लवचीकता मोजण्याची ती नऊ गुणांची ठरलेली पद्धत आहे.

एक्स-रे समोरून, बाजूने आणि गुडघा वाकवून वाटीच्या दिशेने, असे तीन. शिवाय उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक लांब एक्स-रे, ज्यावर पायाची रेषा मोजतात. डाव्या हाताचा एक्स-रे पाहून पालक गोंधळतात. ‘गुडघा दुखतोय, हाताचा फोटो कशाला?’ तर हाडांचं वय काढायला. दाखल्यावरचं वय आणि हाडांचं वय यांत दीड-दोन वर्षांचा फरक सहज असू शकतो, आणि शस्त्रक्रिया हाडांच्या वयावर ठरते.

मोठ्यांची शस्त्रक्रिया मुलांना का चालत नाही?

कारण मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पट्टी असते, ग्रोथ प्लेट. हाड लांब होतं ते तिथून. मांडीच्या हाडाची खालची ग्रोथ प्लेट वर्षाला सुमारे ९ ते १० मिलिमीटर भर घालते, नडगीची वरची सुमारे ६. मुलींमध्ये ही वाढ साधारण १४ व्या, मुलांमध्ये १६ व्या वर्षापर्यंत चालते. दहा वर्षांच्या मुलीच्या एकट्या मांडीच्या हाडात खालच्या टोकाला अजून साडेतीन-चार सेंटिमीटर वाढ शिल्लक असते. ड्रिलने त्या प्लेटची आतली कड भाजली आणि तिथे हाडाचा पूल तयार झाला, तर आतली बाजू थांबते, बाहेरची वाढत राहते आणि पाय वाकडा होतो. वाटी जागेवर राहिली, पण पाय वाकला, असा व्यवहार कुणालाच नको.

नडगीच्या पुढच्या उंचवट्याचंही तसंच. मोठ्यांमध्ये तो कापून आत सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. तिथली ग्रोथ प्लेट उघडी असताना हे केलं तर पुढची बाजू अकाली बंद होते, मागची वाढते आणि काही वर्षांनी गुडघा उलट्या बाजूला, मागे झुकू लागतो. त्यामुळे हाड कापण्याची ही शस्त्रक्रिया वाढ संपेपर्यंत करत नाहीत. पन्हळ कोरून खोल करण्याचीही मुलांत घाई करत नाहीत, कारण ग्रोथ प्लेट तिथून अगदी जवळ असते.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘कोणतं ऑपरेशन?’ हा विचारू नका. ‘वाढ किती शिल्लक आहे?’ हा विचारा. उरलेलं बरंचसं त्याच्या उत्तरातून ठरतं.

एमपीएफएल नव्याने बसवतात म्हणजे काय करतात?

वारंवार वाटी सरकणाऱ्या मुलांमध्ये सध्या सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया हीच. जुनं लिगामेंट शिवून भागत नाही, कारण ते ताणून सैल झालेलं असतं. नवा पट्टा लागतो.

तो बहुधा मुलाच्याच पायातून घेतात. गुडघ्याखाली आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन मांडीच्या मागच्या स्नायूंपैकी बारीक असलेल्या ग्रॅसिलिसची स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढतात. तिच्यावरचा लालसर स्नायू खरवडून टाकल्यावर पांढरी, चकचकीत, बुटाच्या नाडीएवढी दोरी उरते. तिची दोन्ही टोकं जाड दोऱ्याने शिवून घेतात. काही सर्जन त्याऐवजी वाटीच्या वरच्या स्नायुरज्जूची पट्टी एका टोकाला वाटीशी जोडलेली ठेवून वळवतात. त्यात वाटीला भोक पाडावं लागत नाही, म्हणून लहान वाटीसाठी ही पद्धत सोयीची.

दोरी वापरायची असेल तर वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या अर्ध्या भागात दोन छोटे अँकर (हाडात रुतून दोरा धरून ठेवणारे खिळे) बसवतात. वाटीतून आरपार मोठी भोकं पाडणं टाळावं. मुलाची वाटी लहान असते आणि त्या भोकांतून ती नंतर मोडू शकते. दोरी सांध्याच्या आवरणाच्या बाहेरून, थरांच्या मधून आत नेतात.

आता सगळ्यात नाजूक भाग. मांडीच्या हाडावर ती नेमकी कुठे बांधायची? मूळ लिगामेंट मुलांमध्ये ग्रोथ प्लेटच्या किंचित खाली, काही मिलिमीटर अंतरावर चिकटलेलं असतं. सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बाजूने पाहिलं तर हा बिंदू प्लेटवर किंवा प्लेटच्या वरही दिसतो. पण प्लेट सपाट नसते, ती लाटेसारखी वळलेली असते, आणि समोरून पाहिलं की तोच बिंदू प्लेटच्या खाली असल्याचं कळतं. म्हणून एकाच बाजूच्या चित्रावर विसंबून ड्रिल चालवू नये, दोन्ही बाजूंनी पाहावं. आधी बारीक तार रोवतात, तिची दिशा प्लेटपासून लांब, खाली आणि पुढे ठेवतात. पुन्हा दोन्ही चित्रं पाहतात आणि मगच उथळ खड्डा करतात.

शेवटी ताण. गुडघा साधारण ३० अंश वाकवून, वाटी पन्हळीत बसली असताना दोरी पक्की करतात. तिने वाटीला ओढायचं नसतं, फक्त निसटू द्यायचं नसतं. बांधून झाल्यावरही वाटी रुंदीच्या साधारण पाव भागाएवढी बाहेर हलली पाहिजे. मग टेबलावरच गुडघा पूर्ण वाकवून पाहतात. वाकवताना दोरी ताठ होत असेल तर मांडीवरची जागा फार वर गेली आहे. ती तिथेच बदलावी, ‘व्यायामाने सैल होईल’ म्हणून सोडू नये. घट्ट बांधलेली वाटी आयुष्यभर दुखते आणि कूर्चा झिजवते.

गुडघे आत वळलेले असतील तर?

पाय तसाच ठेवून फक्त लिगामेंट बसवलं तर प्रत्येक पावलाला नव्या दोरीवर बाहेरची ओढ पडते. इथे मुलांची चालू वाढ आपल्या कामी येते. ग्रोथ प्लेटच्या आतल्या बाजूला, प्लेटवरून जाईल अशी दोन स्क्रूंची छोटी पट्टी बसवतात. दिसायला ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. आतली बाजू मंदावते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. साधारण महिन्याला एक अंशाच्या आसपास. हाडावरचं आवरण न खरवडता पट्टी त्याच्यावर ठेवतात, म्हणजे काढल्यावर प्लेट पुन्हा काम करू लागते.

त्यासाठी निदान वर्षभराची वाढ हातात हवी. मुलगी १३ वर्षांची झाल्यावर ‘आता बघू’ म्हणत आलात तर हा सोपा मार्ग बऱ्याचदा बंद झालेला असतो आणि पुढे हाड कापून सरळ करणं उरतं.

पट्टी बसवल्यावर दर तीन महिन्यांनी दाखवणं सक्तीचं आहे. सगळ्यात वाईट चूक सर्जनची नसते, चुकलेल्या तारखेची असते. पाय सरळ होऊन गेला, घरच्यांना बरं वाटलं, वर्षभर कुणी फिरकलं नाही आणि पाय उलट्या बाजूला धनुष्यासारखा झाला, असं घडतं. फार लहान वयात पट्टी काढली तर पाय थोडा परत वळू शकतो. त्याचा अंदाज घेऊन काही सर्जन किंचित जास्त सुधारणा होऊ देतात.

प्रत्येक वेळी गुडघा वाकवला की वाटी बाहेर जाते, सरळ केला की आत येते. हा तोच आजार का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. इथे अपघात नसतो, फारसं दुखतही नाही, म्हणून घरचे वर्षानुवर्षं ‘कट्‌कट् आवाज येतो’ एवढंच म्हणतात. मूळ कारण मांडीचा पुढचा स्नायू आणि बाहेरच्या बाजूचे पडदे आखूड असणं. गुडघा वाकवायला स्नायू पुरत नाही, म्हणून वाटी बाहेरून जवळची वाट धरते. एक चाचणी सोपी आहे: वाटी हाताने जागेवर दाबून धरली तर गुडघा वाकतच नाही.

जन्मानंतर अतिदक्षता विभागात किंवा तान्हेपणी मांडीत पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागलेल्या बाळांमध्ये स्नायू असा आकसल्याचं आपल्याकडे दिसतं. नेहमीच्या लसींशी याचा संबंध जोडू नका. लसी वेळेवर द्याव्यात.

अशा गुडघ्यात नुसतं एमपीएफएल बसवलं तर ते तुटतं किंवा गुडघा वाकत नाही. आधी बाहेरचे आखडलेले पडदे मोकळे करायचे, गरजेनुसार मांडीचा स्नायू लांब करायचा, आतली बाजू आवळायची, आणि वाटीखालच्या स्नायुरज्जूची बाहेरची अर्धी पट्टी सोडवून दुसऱ्या अर्ध्याखालून आत नेऊन शिवायची. यात हाड कापलं जात नाही, म्हणून ग्रोथ प्लेट सुरक्षित राहते. जन्मतःच वाटी बाहेर असलेल्या बाळांतही हाच मार्ग, आणि तिथे शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. वाटीचं हाड तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान तयार होतं, त्याआधी ती एक्स-रेत दिसतच नाही. तेव्हा सोनोग्राफी उपयोगी.

‘दुर्बिणीतून फक्त बाहेरची बाजू सोडवू, छोटं काम आहे’ असं सांगितलं. चालेल का?

वारंवार सरकणाऱ्या वाटीसाठी एवढंच केलं तर पुरत नाही. बाहेरचा आधारही गेला की वाटी कधी कधी दोन्ही बाजूंना डगमगू लागते. बाजू खरोखर आखडलेली असेल तेव्हाच, आणि इतर दुरुस्तीला जोडून ते करावं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका.

वाढ पूर्ण होईपर्यंत थांबलो तर?

वाटी वर्षातून एकदा सरकत असेल आणि वाढ संपायला सहा-आठ महिने उरले असतील, तर व्यायाम आणि ब्रेसवर थांबणं शहाणपणाचं. पण महिन्याला सरकणारी वाटी घेऊन नऊ वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत थांबवू नये. प्रत्येक वेळी कूर्चा थोडी सोलली जाते आणि ती परत येत नाही.

काय बिघडू शकतं?

गुडघा ताठ होणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. ती बहुधा दोरी घट्ट बांधल्याने किंवा व्यायाम टाळल्याने येते. वाटी पुन्हा सरकणं हे उथळ पन्हळ, वर बसलेली वाटी किंवा वाकडा पाय दुर्लक्षित राहिला असेल तर जास्त. वाटी मोडणं, जंतुसंसर्ग, अँकर टोचणं, छेदाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर राहणं हेही होऊ शकतं. वाढीला इजा क्वचित होते, पण ती लगेच दिसत नाही. ताप, वाहणारी जखम, पोटरी दुखून सुजणं किंवा औषधाला न जुमानणारं दुखणं असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

भूल कोणती? किती दिवस रुग्णालयात?

पूर्ण भूल, सोबत मांडीत नस बधिर करण्याचं इंजेक्शन. आधी सहा तास जेवण, दूध, बिस्किट काही नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा, कारण सकाळी मायेने दिलेल्या एका बिस्किटामुळे ऑपरेशन पुढे ढकललं जातं. मुक्काम साधारण एक ते दोन दिवस.

नंतर व्यायाम, शाळा, मांडी घालून बसणं, हे कधी?

फक्त लिगामेंट बसवलं असेल तर कुबड्या आणि ब्रेस घेऊन पहिल्या काही दिवसांतच पाय टेकवायला लावतात. मांडी आवळून पाच आकडे मोजणं आणि सरळ पाय उचलणं दुसऱ्या दिवसापासून. पाय उचलताना गुडघा खाली लोंबत असेल तर ब्रेस काढू नये, स्नायू अजून जागा झालेला नाही. चार ते सहा आठवड्यांत ९० अंश, तीन महिन्यांपर्यंत पूर्ण वाकणं हे लक्ष्य. स्नायुरज्जू वळवण्याचं किंवा स्नायू लांब करण्याचं काम झालं असेल तर चार-सहा आठवडे प्लास्टर किंवा ब्रेस, आणि सगळं तेवढंच पुढे.

शाळा दोन-तीन आठवड्यांत, दप्तर दुसऱ्याने घेऊन आणि वर्ग तळमजल्यावर मिळाला तर. मांडी घालून आणि उकिडवं बसणं तीन महिन्यांनंतर, पूर्ण वाकल्यावर, आधी आधार धरून. तोवर घरी भारतीय शौचालय असेल तर खुर्चीसारखं स्टँड आणून ठेवा. ‘डब्ल्यू’सारखे पाय बाहेर टाकून बसण्याची सवय असेल तर ती मोडा.

धावणं तीन-चार महिन्यांनी. कबड्डी, खो-खो, फुटबॉल सहा ते नऊ महिन्यांनी, आणि तेही तारखेवर नाही तर चाचणीवर: एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का, याचा फिजिओथेरपिस्टकडून व्हिडिओ काढून घ्या.

सरकारी योजनेत हे बसतं का?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार आणि मुलाचे एक्स-रे घेऊन त्यांना भेटा. शस्त्रक्रियेचं नेमकं नाव डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण मंजुरी ठरावीक उपचारांच्या यादीतून मिळते. ही विचारणा दाखल होण्याआधी करायची.

बरं झाल्यावर किती वर्षं दाखवत राहायचं?

वाढ थांबेपर्यंत. पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तसं, नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदा दोन्ही पायांचा उभा लांब एक्स-रे, म्हणजे लांबीत किंवा रेषेत फरक पडत असेल तर वेळेत कळतो. घरी सोपी खूण आहे: दर दोन-तीन महिन्यांनी मुलाला घोटे जुळवून उभं करा, वाट्या समोर ठेवा आणि गुडघ्यांमधली फट बोटांनी मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा. दुसऱ्या गुडघ्याकडेही लक्ष असू द्या. पन्हळ एका बाजूला उथळ असेल तर ती बहुधा दुसरीकडेही असते, आणि मांडीचे व्यायाम दोन्ही पायांचे करून घ्यायचे ते त्यासाठीच.